तुम्ही विचारलंत म्हणून : सरकार सरळ अटक का करत नाही?

महाविद्यालयांत नागरी हक्कांविषयी बोलायला जातो, तेव्हा शेवटी कोणीतरी विद्यार्थी हा प्रश्न हमखास विचारतो. पोलीस सरकारचे, तुरुंग सरकारचे, कायदेही सरकारला हवे तसे वाकवता येतात. मग नकोशा झालेल्या तरुण कार्यकर्त्याला चेहरे झाकलेल्या माणसांनी विनानंबरच्या गाडीत कोंबून पळवून का न्यावे? सरळ अटक का करत नाहीत? सभा संपत आलेली असताना याचे उत्तर नेहमी अर्धेच देऊन होते. ते पूर्ण द्यावे, म्हणून हे लिहितो आहे.

अटक केली की कागद तयार होतो. कोणी पकडले, किती वाजता, कोणत्या कलमाखाली, कोणत्या कोठडीत ठेवले, या सगळ्याची नोंद होते. चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे लागते. तिथे वकील येतो, अंगावरच्या जखमा दिसतात, आणि उद्या कोणी विचारले तर कोणत्या अधिकाऱ्याने उत्तर द्यायचे हे ठरून जाते. पळवून नेलेल्या माणसाबद्दल मात्र "आमच्याकडे असा कोणी नाही" एवढे एकच वाक्य पुरते. तरुणाला गप्प करणे तुरुंगानेही साधते, पण ते कोणी केले हे लपवायचे असेल तर नोंद होऊ न देणे भाग असते. माझ्या मते या प्रकाराचे मर्म इथेच आहे, आणि मारहाण, धमक्या, घरच्यांची वणवण हे सारे त्या एका नकारामुळे शक्य होते.

केनियात २०२४ साली हे सर्वांच्या डोळ्यांदेखत घडले. जून महिन्यात तिथल्या वित्त विधेयकातील करवाढीविरुद्ध विशी-पंचविशीतील मुले-मुली रस्त्यावर उतरली. २५ जूनला नैरोबीत आंदोलक संसदेत शिरले, गोळीबारात माणसे मेली आणि दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो यांनी विधेयक मागे घेतले. आंदोलन जिंकले होते. पण तरुणांना पळवून नेणे थांबले नाही. देशाच्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने डिसेंबरच्या अखेरीस जूनपासूनची ८२ अपहरणे नोंदवली, आणि त्यांपैकी २९ जणांचा तोवर पत्ता नव्हता. रुटो यांची सावलीसारखी काळी व्यंगचित्रे काढणारा किबेट बुल हा तरुण नाताळाच्या तोंडावर नाहीसा झाला. पोलीसप्रमुख म्हणाले, आमचा संबंध नाही. अपहरणे थांबवू, असे आश्वासन राष्ट्राध्यक्षांनी दिले, आणि त्याच भाषणात आईवडिलांनाही आपल्या मुलांकडे लक्ष द्या म्हणून सांगितले. न्यायालयाने तरुणांना हजर करा असा आदेश दिल्यानंतर, ६ जानेवारी २०२५ रोजी, किबेट बुल आणि आणखी काही जण वेगवेगळ्या गावांत सोडून दिलेले सापडले.

२०१० सालच्या केनियाच्या राज्यघटनेत अटकेनंतर चोवीस तासांत न्यायालयासमोर आणण्याचे बंधन आहे, आणि हेबियस कॉर्पसचा, म्हणजे डांबलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा अशी दाद मागण्याचा, हक्क कोणत्याही परिस्थितीत मर्यादित करता येणार नाही असेही लिहिले आहे. इतकी चांगली घटना असतानाही मुले नाहीशी झाली. मला वाटते, तिथे राज्यघटना कडक होती म्हणूनच अटकेऐवजी अपहरणाची वाट धरली गेली. जिथे कायदा आडवा येतो तिथे कायद्याच्या नजरेआडून काम करावे लागते.

हे ऐकल्यावर श्रोत्यांपैकी कोणीतरी म्हणतो, "आफ्रिकेत होते असे." तेव्हा मी केरळकडे वळतो. कालिकतच्या रीजनल इंजिनिअरिंग कॉलेजात राजन नावाचा मुलगा शिकत होता. २८ फेब्रुवारी १९७६ रोजी कायण्णा येथील पोलीस ठाण्यावर नक्षलवाद्यांनी हल्ला केला, आणि १ मार्चच्या पहाटे, युवक महोत्सवातून वसतिगृहात परतलेल्या राजनला पोलिसांनी उचलले. तो चळवळीत होता की नुसता गाणारा, हसरा विद्यार्थी होता, यावर लोक अजून वाद घालतात. मला तो वाद गैरलागू वाटतो, कारण दोन्ही परिस्थितींत पोलिसांचे कर्तव्य तेच होते. त्याला कक्कयम येथील छावणीत नेले. तिथे बाकड्यावर बांधून मांड्यांवरून जड लाकडी रूळ फिरवला जाई.

त्याचे वडील ईच्चर वारियर हिंदीचे प्राध्यापक होते. मुलाला पोलिसांनी नेले आहे हे महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी त्यांना कळवले होते, म्हणजे माहिती पक्की होती. ते गृहमंत्री करुणाकरन यांना भेटले, मुख्यमंत्री अच्युत मेनन यांच्याकडे गेले, दिल्लीला अर्ज पाठवले. कुठूनही सरळ उत्तर आले नाही. न्यायालयात जाणेही शक्य नव्हते, कारण २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने ठरवले होते की आणीबाणी असेपर्यंत स्थानबद्ध माणसाला हेबियस कॉर्पसची दाद मागता येणार नाही. मुंबईसह अनेक उच्च न्यायालयांनी त्याआधी उलट निर्णय दिले होते. ते सगळे रद्द झाले. बहुमतात आपले पुण्याचे यशवंत चंद्रचूड होते, विरोधात एकटे हंसराज खन्ना. मराठी श्रोत्यांपुढे ही नावे मी मुद्दाम घेतो.

आणीबाणी २१ मार्च १९७७ रोजी उठली आणि चारच दिवसांनी वारियर यांची याचिका केरळ उच्च न्यायालयात दाखल झाली. सरकारने प्रतिज्ञापत्रावर सांगितले की राजनला अटक झालेलीच नाही. मग साक्षी झाल्या. प्राचार्य बोलले, वसतिगृहातली मुले बोलली, त्याच छावणीत मार खाल्लेली माणसे बोलली. १३ एप्रिलला न्यायालयाने निष्कर्ष काढला की राजन पोलिसांच्या ताब्यात होता, आणि त्याला हजर करण्याचा आदेश दिला. एव्हाना मुख्यमंत्री झालेल्या करुणाकरन यांना २५ एप्रिलला राजीनामा द्यावा लागला. त्यानंतरच सरकारने कबूल केले की राजन पोलिसांच्या ताब्यात असतानाच, पकडल्यानंतर दुसऱ्याच दिवशी, मरण पावला होता. म्हणजे वडील वर्षभर ज्यांच्या दारात मुलासाठी विनवण्या करत होते, त्या यंत्रणेला तो जिवंत नाही हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. राजनचा मृतदेह कधीच मिळाला नाही, आणि त्याच्या खुनासाठी कोणालाही शिक्षा झाली नाही. कागद नसला की हे असे होते.

प्रश्नाचा आणखी एक भाग असतो, तो बहुधा मुली विचारतात: जे परत येतात ते बोलत का नाहीत? कारण त्यांना सोडताना बजावलेले असते, आणि ज्याने बजावले त्याचे नाव त्यांना माहीत नसते. तक्रार कोणाविरुद्ध करायची? घर कुठे आहे, बहीण कोणत्या शाळेत जाते, हे त्या माणसांनी बोलून दाखवलेले असते. परत आलेला गप्प तरुण हा शेजारच्या दहा जणांना दिलेला निरोप असतो. म्हणून अशा मुलाने लगेच पत्रकार परिषद घ्यावी अशी अपेक्षा करणाऱ्यांचा मला राग येतो. त्याला आधी डॉक्टर आणि वकील लागतात. जखमांची वैद्यकीय नोंद पहिल्या दिवशीच झाली पाहिजे, बोलणे पुढे केव्हाही होईल.

आपल्याकडे अटकेच्या नोंदीचे नियम डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये घालून दिले. अटक करणाऱ्याच्या अंगावर नावाची स्पष्ट पट्टी हवी, वेळ व तारीख लिहिलेल्या अटकेच्या टिपणावर साक्षीदाराची सही हवी, नातेवाइकाला कळवायला हवे. याउलट, बळजबरीने माणसे नाहीशी करण्याविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारत आणि केनिया दोघांनीही २००७ साली सह्या केल्या, आणि दोघांनीही तो अजून अंमलासाठी स्वीकारलेला नाही. तेव्हा तुमच्या ओळखीतल्या कोणाला साध्या वेशातल्या माणसांनी नेले, तर आधी वेळ आणि गाडीचे वर्णन लिहून ठेवा, पाहणाऱ्यांची नावे घ्या, ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच मागा, आणि पोच नाकारली तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने वरिष्ठांना पाठवून त्याच दिवशी वकिलाकडे जा.