ट्रान्समवर चौदा

खरेदीदारानं दोन बोटी हेरून ठेवल्या होत्या. दोन्ही वापरलेल्या, साधारण 5.8 मीटर लांबीच्या, दोन्हींना 115 अश्वशक्तीचं आउटबोर्ड इंजिन, आणि दोन्हींच्या माहितीपत्रकात ‘डीप व्ही’ (खोल व्ही आकाराचा तळ) असं ठळक अक्षरांत. वापर ठरलेला होता: मोठा उघडा तलाव, दुपारनंतर वारा सुटला की 40-50 सेंटिमीटरच्या आखूड, उभ्या लाटा, चार मोठी माणसं, दोन मुलं, अधूनमधून मासेमारी, अधूनमधून वाळूच्या काठाला लागणं. पाहणी माझ्याकडे होती, तिला एक दिवस मिळाला. सकाळी ट्रेलरवर, दुपारी पाण्यात. सोयीसाठी एकीला पहिली, दुसरीला दुसरी म्हणतो.

तळाचा आडव्या पातळीशी होणारा कोन, म्हणजे डेडराइज, मोजायला पाच मिनिटं लागतात, तरी घेणारे सहसा मोजत नाहीत. आधी ट्रेलर आडव्या दिशेनं शक्य तितका समपातळीत आणायचा. मग ट्रान्समजवळ, म्हणजे मागच्या उभ्या फळीला लागून, तळाच्या डाव्या आणि उजव्या उतारावर डिजिटल कोनमापक ठेवायचं. ते दोन स्ट्रेकांच्या, म्हणजे तळावरच्या लांबट उंचवट्यांच्या, मधल्या सपाट पट्ट्यावर हवं, स्ट्रेकवर चढलं तर आकडा खोटा येतो. दोन्ही बाजूंची सरासरी घेतली की ट्रेलर थोडा कलता असला तरी चालतं. पहिलीचे आकडे आले 20.6 आणि 21.4, म्हणजे 21 अंश. दुसरीचे 13.5 आणि 14.5. सरासरी 14.

दुसरीच्या माहितीपत्रकात 20 लिहिलं होतं. तेही खरं होतं, फक्त बोटीच्या मध्यावर. व्ही आकाराचा तळ पुढे धारदार असतो आणि मागे जाताना पसरत जातो. कुठे मोजला हे सांगितलं नाही तर कोनाच्या आकड्याला अर्थ नाही. बोट प्लेनिंगवर आली, म्हणजे पाणी कापणं सोडून पाण्यावर घसरू लागली, की पाण्याला टेकलेला असतो तो मागचा भाग. म्हणून मोजायचं ते ट्रान्समवर. ढोबळमानानं 20 ते 24 अंश डीप व्ही, 12 ते 19 मॉडिफाइड व्ही, त्याखाली सपाटाकडे झुकणारे तळ. “मग ही सरळसरळ फसवणूक झाली,” असं म्हणत खरेदीदारानं दुसरी यादीतून खोडलीच होती. पाण्यात उतरेपर्यंत थांबा, एवढंच सांगितलं.

डीप व्हीचा दबदबा शर्यतींतून आला. 1960 मध्ये मायामी ते नासाउ (बहामा) शर्यत खवळलेल्या समुद्रात झाली आणि रिचर्ड बर्ट्रम यांच्या, रेमंड हंट यांनी आखलेल्या ‘मॉपी’ या बोटीनं ती जिंकली. तळाचा तीव्र कोन थेट ट्रान्समपर्यंत नेलेला, ही तिची खुबी. लाटेवरून उडालेली बोट खाली येताना असा तळ पाणी चिरत आत शिरतो, सपाट तळ पाण्यावर थाप मारतो. यात वाद नाही. पण त्या कोनाची किंमत मोजावी लागते. पाण्याचा जोर तिरक्या उतारावर पडतो, त्यातला काही भाग बाजूला वाया जातो आणि वर उचलणारा भाग कमी उरतो. तेवढंच वजन तोलायला जास्त वेग किंवा जास्त ताकद लागते. आणि उभी असताना अशी बोट माणसं हलली की कलते.

हे कलणं पाण्यात उतरल्यावर पहिल्यांदा तपासलं. धक्क्याला सैल बांधून तीन मोठ्या माणसांना बोटीच्या एका काठाशी उभं केलं, डेकवर आडवं कोनमापक ठेवलं. पहिली 10 अंश कलली, दुसरी 6. कागदावर चार अंशांचा फरक किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात 10 अंशांना माणूस नकळत हात आधाराला टाकतो आणि शीतपेटी घसरते. एकाच्या गळाला मासा लागला की सगळे त्याच बाजूला धावतात.

खरी गंमत चाचणीफेरीत. चाचणी दोन माणसांवर घेतली जाते तिथेच घोटाळा होतो, कारण रिकामी बोट सगळ्यांनाच आवडते. आम्ही टाक्या भरल्या आणि चार मोठ्या माणसांबरोबर 20 लिटरचे पाण्याने भरलेले सहा कॅन चढवले: 120 किलो, म्हणजे दोन मुलं, नांगर, दोर, डबे-पिशव्या. कॅन ठेवायचे ते माणसं बसतील तिथेच, सगळे मागे रचले तर निकाल बिघडतो.

दोन माणसांवर पहिली सहा सेकंदांत प्लेनिंगवर आली होती, दुसरी पाचांत. पूर्ण वजनावर दुसरीला सात लागले. पहिलीला तेरा, आणि त्यातले सात-आठ सेकंद पुढचं टोक इतकं वर होतं की चालवणाऱ्याला समोरचं पाणी दिसत नव्हतं. मग उलटी चाचणी: प्लेनिंगवर असताना दर वेळी इंजिनाच्या मिनिटाला 200 फेऱ्या कमी करत जायचं आणि मागची लाट कधी जवळ येते, टोक कधी उठतं ते पाहायचं. पहिली 17 नॉटना (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) प्लेनिंगवरून खाली बसली, दुसरी 12.5 ना. दोन्हींना ट्रिम टॅब, म्हणजे ट्रान्समच्या खालच्या कडेला वरखाली होणाऱ्या पट्ट्या, होत्या; त्या पूर्ण खाली घेतल्यावर पहिली 15.5 पर्यंत टिकली, दुसरी 11 पर्यंत.

निर्णय या आकड्यांवर फिरला. पाण्याला टेकलेली लांबी 17 फूट धरली तर तिच्या वर्गमुळाला 1.34 नं गुणून येतात साधारण साडेपाच नॉट. तिथपर्यंत बोट आरामात पाणी कापत जाते. त्याच्या वर आणि प्लेनिंगच्या खाली जो पट्टा आहे, त्यात बोट स्वतःच्याच लाटेचा चढ चढत राहते: इंधन ओतायचं, टोक आभाळात, मागे मोठा खळगा. दुसरीचा हा पट्टा 11-12 ला संपतो, पहिलीचा 15-17 ला.

तीनच्या सुमारास वारा आला आणि हव्या तशा लाटा मिळाल्या. 22 नॉटना, लाटांना समोरून, पहिली सुरेख गेली. दुसरी त्याच वेगात अक्षरशः आपटत होती. चौथ्या दणक्याला किल्लीचा जुडगा उडून पायाशी पडला. इथे थांबलो असतो तर पहिलीच घेतली गेली असती. पण मुलं बोटीत असताना त्या लाटांत 22 नॉटनी कोण जातं? वेग 14 वर आणला. पहिली प्लेनिंगवरून उतरली, टोक वर गेलं आणि लाटा तिच्या पोटावर बसू लागल्या. सांभाळायचं तर 17, तोही आता जास्तच, नाहीतर सहा नॉटनी रांगत परतायचं. दुसरीच्या टॅब पूर्ण खाली घेतल्या. टोक खाली आलं, पुढचा 20 अंशांहून धारदार भाग लाटेला भिडला आणि ती 13-14 नॉटवर निमूट चालत राहिली. मागच्या बाकावरची माणसं बोलू लागली, हे कुठल्याही मापकापेक्षा जास्त सांगून गेलं.

परतताना लाटा मागून होत्या. तिथे पहिली सरस: दिशा धरून राहते. दुसरीच्या टॅब खालीच राहिल्या होत्या, तेव्हा टोक समोरच्या लाटेत रुतलं आणि मागचा भाग बाजूला सरकू लागला. लाट मागून असेल तर टॅब वर, हे चालवणाऱ्याच्या हाताला लागलेलंच हवं. विसरलं तर बोट आडवी पडू शकते. हेच कुटुंब रोज उघड्या खाडीतून वीस मैल जाणारं असतं तर पहिली घ्या म्हटलं असतं, जास्त ताकदीच्या इंजिनासह. 21 अंशांच्या तळावर भरल्या वजनाला 115 अश्वशक्ती अपुरी पडतात. कोन आणि ताकद जोडीनंच ठरवायची असते.

दुसरी घ्यायचं ठरल्यावर तिची कसून झडती. तळाच्या मागच्या दीड मीटरला लांबीच्या दिशेनं सरळ ॲल्युमिनियमची पट्टी लावली, फट जेमतेम 1 मिलिमीटर, चालतं. पट्टीच्या मध्याखाली 4-5 मिलिमीटर पोकळी असती तर तळाचा मागचा शेवट खाली वाकलेला, मग तो मागचा भाग उचलतो, टोक दाबतो आणि वेग खातो. उलट फुगवटा असता तर बोट माशासारखी वरखाली उसळत राहते. प्लॅस्टिकच्या तोंडाच्या हातोडीनं ट्रान्सम वाजवत गेलो: सगळीकडे खणखणीत, खोलीमापकाच्या सेन्सरभोवती हाताएवढ्या जागेत मात्र बद्द. दोन स्क्रू बिनसीलंटचे होते, आतल्या प्लायवुडला पाणी लागलं होतं. ओला भाग वाळेपर्यंत उघडा ठेवून, कुजलेलं खरवडून, भोकं मोठी करून इपॉक्सीनं भरायची आणि मग नवी पाडायची.

पूर्ण वजनावर पूर्ण थ्रॉटलला इंजिन 4,900 फेऱ्यांवर थांबत होतं, तर निर्मात्याची शिफारस 5,000 ते 6,000. प्रोपेलरचा पिच, म्हणजे तो एका फेरीत तत्त्वतः जेवढा पुढे सरकेल ते अंतर, एक इंच कमी केला की साधारण 150 ते 200 फेऱ्या वाढतात, म्हणून दोन इंच कमी पिचचा प्रोपेलर लिहून दिला.

शेवटची नोंद ट्रेलरची. बोट टेकते त्या दोन लांब फळ्या ट्रान्समच्या 20 सेंटिमीटर आधीच संपत होत्या, इंजिनाचं सगळं वजन अधांतरी. आज तळ सरळ आहे, पण दोन-तीन उन्हाळे असाच उभा राहिला तर मागचा भाग लोंबेल आणि पट्टीखाली तीच पोकळी दिसू लागेल. फळ्या ट्रान्समपर्यंत वाढवायला सांगितल्या, प्रोपेलरच्याही आधी.