जळगावच्या असून २९ डिग्रीला घाबरलात?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. तुम्ही म्हणजे कोणी एक-दोघं नाही. मेहरूण तलावावर पहाटे भेटणारे, स्टाफरूममधले, सातवी 'ब'ची मुलं, आणि परवा तर गॅसची टाकी घेऊन आलेला दादासुद्धा. सगळ्यांचा प्रश्न एकच. "मॅडम, मॅरेथॉनसाठी विमानाचं तिकीट काढलं, छातीवर लावायचा नंबर घेतला, मग पळाल्या का नाहीत? आणि तेही २९ डिग्रीत? आपल्याकडे २९ ला लोक पंखा बारीक करतात!"

आमचे आप्पा, म्हणजे सासरे, चोपड्याकडे केळी करतात. त्यांनी घरच्या बोलीत विचारलं, "इतला दूर जाईसन पयनी नही?"

नाही पळाले. आग्नेय आशियातलं समुद्रकाठचं एक शहर, पूर्ण मॅरेथॉन, पहाटे चारला सुरुवात. मी शर्यतीच्या दोन दिवस आधी पोचले, नंबर घेतला, टी-शर्ट घेतला, आणि शर्यतीच्या पहाटे रस्त्याच्या कडेला उभी राहून टाळ्या वाजवल्या. पाऊण लाखाच्या टाळ्या, असं नवरा म्हणतो.

आता कारण. ते सांगायला माठाकडे जावं लागेल.

मे महिन्यात आपल्या घरातला माठ कसा गार असतो, दात ठणकतात. तोच माठ माझी नणंद हौसेने मुंबईला घेऊन गेली. आठ दिवसांत फोन, "वहिनी, माठ बिघडला." माठ कसला बिघडतोय! माठ पाझरतो, बाहेरचं पाणी वाळतं, वाळताना आतली उष्णता घेऊन जातं. हवा आधीच ओली असेल तर पाणी वाळणार कुठे? आपला वाळ्याचा कूलर तिकडे नुसता दमटपणा फेकतो, तो याच कारणाने. माणूस पळताना माठच असतो. पळायला लागणाऱ्या शक्तीतला जेमतेम पाव भाग पाय हलवण्यात जातो, बाकी सगळी उष्णता. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. कोपरावरून ठिबकून गेला तर काहीच नेत नाही.

मी विज्ञान शिकवते, त्यामुळे जाताना प्रयोगशाळेतले दोन थर्मामीटर बरोबर घेतले. (पाऱ्याचे विमानात चालत नाहीत, म्हणून लाल अल्कोहोलचे. तरी तपासणीत त्या माणसाने पेटी दोनदा उघडायला लावली.) एकाच्या फुग्याला मलमलची चिंधी गुंडाळायची, चिंधीचं टोक पाण्यात सोडायचं, समोरून वारा घालायचा. कोरडा दाखवतो ते हवेचं तापमान, आणि ओला दाखवतो ते माठ जास्तीत जास्त किती गार होऊ शकेल ते. घरी मे महिन्याच्या दुपारी गच्चीच्या सावलीत कोरडा ४४ होता, ओला २२. त्या शहरात शर्यतीच्या आदल्या पहाटे चारला हॉटेलच्या गॅलरीत कोरडा २९ होता आणि ओला साडेसत्तावीस.

पुन्हा बघा. तिथला साधा आकडा आपल्यापेक्षा पंधराने कमी आणि ओला साडेपाचने जास्त. खेळाच्या मैदानावर उष्णतेचा जो निर्देशांक वापरतात, त्यात रुपयातले ७० पैसे या ओल्या थर्मामीटरचे असतात. २० पैसे उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याचे. आपण ज्याच्यावरून फुशारकी मारतो त्या साध्या आकड्याचे फक्त १० पैसे.

त्याच पहाटे मी पाच किलोमीटर हळू पळून पाहिलं. मेहरूणला पळून आले की माझ्या टी-शर्टवर मिठाच्या पांढऱ्या रेघा असतात, कापड मात्र कोरडं. तिथे दुसऱ्याच किलोमीटरला बूट चपचप वाजायला लागले. नेहमीच्या वेगाला हृदयाचे ठोके वीसने जास्त. थांबून हात खाली सोडले तर बोटांच्या टोकांवरून धार.

आता तुमच्यातले काही म्हणतील, पाणी जास्त प्यायचं. माठात कितीही पाणी भरा, बाहेरून वाळल्याशिवाय तो गार होत नाही. उलट २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये धावकांचं रक्त तपासलं, तेव्हा शंभरातल्या तेरा जणांच्या रक्तातलं मीठ हवं त्यापेक्षा पातळ झालेलं निघालं, काही थोड्यांचं तर जिवावर बेतेल इतकं, आणि त्यात पाणी पीत राहिलेले बरेच होते.

आणि सराव? "जळगावकरांना उन्हाची सवय असते" हे वाक्य मी स्वतः कित्येकदा फेकलंय. खरं सांगा, कसली सवय असते आपल्याला? अकरा ते पाच दार लावून बसायची. रुमाल बांधायची, खिशात कांदा ठेवायची, पन्हं प्यायची. बाजारपेठ दुपारी कर्फ्यू लागल्यासारखी असते. आप्पा केळीच्या बांधाला शेवरी लावतात, वाळक्या पानांनी घड झाकतात, उन्हात उभं राहून त्याला शड्डू ठोकत नाहीत. उन्हापासून बाजूला कसं व्हायचं हे आपल्याला चांगलं येतं. उन्हात बेचाळीस किलोमीटर पळणं ही वेगळी विद्या. शरीर तीही शिकतं, पण तिथल्या हवेत रोज घाम गाळून दहा ते चौदा दिवस लागतात. मग घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातला द्रव वाढतो. व्यावसायिक खेळाडू म्हणूनच दोन-दोन आठवडे आधी जाऊन राहतात. माझ्या किरकोळ रजा शिल्लक होत्या पाच.

बरं, व्यावसायिकांचंही ऐका. २०१९ ची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा दोह्याला झाली. महिलांची मॅरेथॉन उन्हाला घाबरून मध्यरात्री ठेवली. ३२ अंश, आर्द्रता सत्तरच्या वर. ६८ जणी निघाल्या, ४० पोचल्या. या जगातल्या निवडक बायका, मागे प्रशिक्षक, डॉक्टर, सगळं. मी त्यांच्यासमोर कोण? बेचाळीस किलोमीटरला पाच तास घेणारी, म्हणजे शेवटचे दोन तास कोवळं का होईना पण उन्हात.

पण खरं कारण अजून सांगितलेलंच नाही. ते सांगायला थोडी लाज वाटते.

दोन वर्षांपूर्वी आपल्याच कोकणपट्टीत मी एक हाफ मॅरेथॉन पळाले. ऑक्टोबर महिना. सतराव्या किलोमीटरनंतरचं मला काही आठवत नाही. मी पळत होते म्हणे, पण रस्ता सोडून. एका स्वयंसेवक मुलीने दंडाला धरून बाजूला घेतलं, तर मी तिला झापलं, "वहीवर पालकांची सही कुठे आहे?" ती बिचारी नंतर हसत सांगत होती. तेव्हा मात्र तिने आणि आणखी दोघांनी मला सावलीत पाडून बर्फाच्या पाण्यात भिजवलेल्या चादरी अंगावर टाकल्या आणि मी गार होईपर्यंत अँब्युलन्सलाही थांबवून ठेवलं. आधी गार करायचं, मग हलवायचं, हे त्या मुलांना कोणीतरी नीट शिकवलं होतं. मी आज लिहितेय ती त्या चादरींमुळे.

तेव्हापासून "बघू, त्रास झाला तर थांबू" या वाक्यावर माझा विश्वास उरला नाही. थांबायचं की नाही हे ठरवणार कोण? डोकं. आणि तापतं कोण? तेच. म्हणून या वेळी निघण्याआधी घरच्या टेबलावर, पंख्याखाली बसून एका कागदावर लिहिलं: ओला २६ च्या वर, तर पळायचं नाही. हा आकडा पुस्तकातला नाही, त्या कोकणातल्या सकाळची हवामानाची नोंद शोधून तिच्यावरून मी माझ्यापुरता काढला. कागद नवऱ्याकडे दिला. आदल्या दिवशी गॅलरीतून फोन केला तर हे म्हणाले, "साडेसत्तावीस? मग झालं." मी अर्धा तास वाद घातला. पैसे, तिकीट, चार महिने पहाटे सव्वाचारला उठणं, मुलांना दिलेलं पदकाचं वचन, सगळं काढलं. त्यांनी फक्त कागद वाचून दाखवला. माझंच अक्षर.

धुळ्याचे एक भाऊ आमच्या ग्रुपमधून आले होते, ते पळाले. म्हणजे पळाले थोडं, चालले जास्त, साडेसहा तासांत धडधाकट पोचले. "ते कसे पळाले मग?" हाही प्रश्न येतोच. त्यांनी वेळेचा हट्ट घड्याळासकट हॉटेलवर काढून ठेवला होता. मला ते जमलं नसतं, मी स्वतःला ओळखते. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. माझं चुकलं असेल, तेही शक्य आहे. न पळालेल्या शर्यतीचा निकाल लागत नाही.

सातवी 'ब'ला मात्र मी १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकची गोष्ट सांगितली. असाच भयंकर उकाडा. पोर्तुगालच्या फ्रान्सिस्को लाझारोने ऊन लागू नये म्हणून अंगाला मेण चोपडलं होतं. घामाची वाटच बुजली. साधारण तिसाव्या किलोमीटरला तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. माठाला बाहेरून ऑइलपेंट द्यावा, तसंच ते. त्याच शर्यतीत जपानचा शिझो कानाकुरी होता. जहाज आणि रेल्वेने अठरा दिवसांचा प्रवास करून आलेला. त्याला मध्येच चक्कर आली, तो रस्त्याकडेच्या एका घरी थांबला, आणि शरमेने कोणाला न सांगता मायदेशी निघून गेला. स्वीडनमध्ये तो बेपत्ता म्हणून नोंदला गेला! पुढे तो दोन ऑलिंपिक पळाला, भूगोल शिकवला, आणि १९६७ मध्ये पंच्याहत्तराव्या वर्षी त्याला बोलावून ती शर्यत पूर्ण करू दिली. वेळ: ५४ वर्षं, ८ महिने, ६ दिवस आणि वर काही तास. मुलं खूश. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "मग मॅडम, तुमची वेळ चालू आहे का अजून?"

आप्पांना यातलं काही पटलेलं नाही. तेवढ्या पैशात ठिबकच्या नळ्या बदलल्या असत्या, असं ते दर रविवारी म्हणतात. तो शर्यतीचा टी-शर्ट मी मे महिन्यात ओला करून माठाला गुंडाळला होता. दोन दिवसांनी सासूबाईंनी काढून टाकला. पॉलिस्टर आहे, पाणीच धरत नाही म्हणाल्या, आणि परत गोणपाट बांधलं.