टीम मेली, नकाशा वाचला: एट्रियन ओडिसी, आठवा मजला

तर मंडळी, मागच्या नोंदीत फेनरिर नावाच्या मोठ्या राक्षसावर अडकलो होतो, तो पडला एकदाचा. आता जमिनीखाली आठव्या मजल्यावर आहे आणि काल रात्री अख्खी टीम साफ झाली, त्यामुळे आज जरा सविस्तर लिहितो, राग पण निघेल.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी, हा ॲटलस कंपनीचा २००७चा, निन्टेन्डो डीएस या हातात धरायच्या दोन स्क्रीनच्या मशीनवरचा गेम. पाच जणांची टीम बनवायची आणि झाडाखालच्या भुलभुलैयात एकेक चौकोन चालत खाली उतरायचं. वरच्या स्क्रीनवर आपल्याच डोळ्यांनी दिसावं तसं जंगल आणि खालच्या टच स्क्रीनवर चक्क कोरा चौकड्यांचा कागद. भिंती, दारं, पेट्या, जिने सगळं स्टायलसनं आपणच काढायचं. पहिलंच काम काय तर पहिल्या मजल्याचा एक भाग नकाशावर उतरवून दाखवा. मी छतावर गादी टाकून ते करत होतो तर आजी येऊन बघते न् म्हणते, "हाई काय शे रे, सातबारा काढी ऱ्हायना का?" हो आजी, तसंच समज.

खरं सांगायचं तर गेमची सगळी मजा त्या कागदातच आहे. माझा डीएस लाइट जुना घेतलेला, बिजागरी सैल, रबर लावून धरायला लागतो. अमळनेर-जळगाव पॅसेंजरमध्ये रोज खेळतो. मागच्या आठवड्यात धरणगाव सोडल्यावर गाडीनं असा झटका दिला की रेघ एक चौकोन बाजूला पडली, मला पत्ताच नाही, आणि नकाशात ती वाट बंद दिसतेय म्हणून दोन दिवस मी तिकडे फिरकलोच नाही, बाकी सगळा मजला पालथा घातला. वाट तिथेच होती राव. मामांच्या शेतात मोजणीच्या वेळी बांध हातभर सरकला तर घरात महिनाभर कोणी कोणाशी बोलत नव्हतं, इथे मीच माझा बांध सरकवला, भांडणार कोणाशी?

आता कालचं. यात मोठे राक्षस नकाशावर गोळ्यासारखे दिसतात, त्यांना एफओई म्हणतात. तुम्ही एक पाऊल टाकलं की तेही एक पाऊल टाकतात, म्हणून त्यांची चाल बघून कडेकडेनं सटकता येतं, बुद्धिबळासारखं. पण तुम्ही साध्या प्राण्याशी लढत असाल तरी एफओई थांबत नाही, प्रत्येक फेरीला एकेक घर पुढे सरकतो आणि पोचला की सरळ लढाईत घुसतो. मी दोन फालतू किडे मारत बसलो, खाली बघितलंच नाही. मागून आला, प्रोटेक्टर (टीमचा ढालवाला) एका फटक्यात आडवा, मग मेडिक, मग सगळेच.

आणि इथे गेमनं मला जिंकलं. सगळे मेल्यावर तो विचारतो, नकाशा सेव्ह करायचा का? म्हणजे तासाभराचा अनुभव गेला, माल गेला, पण काढलेल्या भिंती राहतात. मरूनसुद्धा फेरी वाया जात नाही, पुढच्या वेळी कुठे वळायचं ते ठाऊक असतं. बाकी कितीतरी गेममध्ये मेल्यावर मी मशीन बंद करून झोपतो, इथे रात्री एकला परत उतरलो.

संगीत युझो कोशिरोचं. पीसी-८८ नावाच्या जुन्या जपानी कॉम्प्युटरच्या साउंड चिपवर त्यांनी धुना बांधल्या, त्यामुळे कानाला नव्वदच्या आधीचं काहीतरी वाजतंय असं वाटतं. इयरफोन लावाच, डब्यात भेळवाल्याच्या आवाजात काही ऐकू येत नाही.

पण खोटं कशाला बोलू, गेम छळतो पण. सुरुवातीच्या मजल्यांवरचं ते विषारी फुलपाखरू, त्याच्या चाव्यापेक्षा विषच जास्त जीव खातं, तीन वेळा तिथेच मेलो. स्किलच्या वर्णनात आकडे नाहीत, "हल्ला वाढतो" म्हणे, किती वाढतो ते देवाला माहीत. स्किलचा पॉइंट चुकीच्या जागी टाकला तर तो परत घ्यायला लेव्हल घालवायच्या. लेव्हल वाढली की धर्मशाळेचं भाडं पण वाढतं, तुम्ही कमावता म्हटल्यावर मालक कशाला सोडेल. पैशासाठी मी वेगळी मजूर टोळी ठेवलीय, सगळे सर्व्हायव्हलिस्ट (जंगलातला माल गोळा करणारे), खाली जायचं, लाकूड तोडायचं, दगड फोडायचे, वार्प वायर (थेट वर नेणारी वस्तू) ओढून वर यायचं आणि विकायचं. पहिले दोन दिवस बरं वाटतं, नंतर खरोखर रोजंदारी वाटते. गोष्ट तर नावालाच, आपल्या टीममधली पात्रं तोंड उघडत नाहीत, ज्याला कथा पाहिजे त्यानं या वाटेला जाऊ नये.

माझी सगळ्यात मोठी तक्रार मात्र उलटी आहे. मेडिकचं इम्युनाइझ नावाचं स्किल. ते वर नेलं की सगळ्यांना लागणारा मार इतका कमी होतो की मोठ्या लढाया फुसक्या होतात. फेनरिर मी तसाच पाडला, आणि पाडल्यावर आनंदच झाला नाही. नऊ क्लास, म्हणजे पात्रांचे प्रकार, दिलेत, पण एकाच मेडिकवर सगळं चालत असेल तर बाकीच्यांची जुळवाजुळव कशासाठी करायची? म्हणून आता ठरवलंय, माझ्या मेडिकला, तिचं नाव आक्का, फक्त मलमपट्टी करू द्यायची. कदाचित कालचं मरण त्याच्यामुळेच आलं असेल, चालतंय.

सध्याची स्थिती: आठव्या मजल्याचा वरचा अर्धा भाग पूर्ण, वायव्हर्न या उडत्या ड्रॅगनची खोली अर्धवट, त्याच्या घरट्यातलं अंडं आणायचं काम बाकी. खालच्या डाव्या कोपऱ्यात सहा चौकोन कोरे आहेत, तिथे वाट असणार नाहीतर इतकी जागा रिकामी कशाला सोडतील. दोन वार्प वायर घेऊन ठेवल्यात, कारण एकदा घ्यायला विसरलो तर वरपर्यंत पायी यायला लागलं होतं. रविवारी गाडीत नाही, घरी बसून रेघा ओढणार.