‘परमेश्वर माझा’ सहा अक्षरांत बसत नाही

ख्रिस्ती अभंग लिहायला घेतला की पहिली ओळ बहुधा बायबलमधल्या तेविसाव्या स्तोत्रावरून (‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’) सुचते आणि पहिल्याच चरणात अडते. प-र-मे-श्व-र-मा-झा. सात अक्षरे झाली, चरणात जागा सहांची. ‘माझा’चे ‘मम’ केले तरी सातच. मग कोणी घाईघाईने गाताना एक अक्षर गिळायचे ठरवतो आणि पुढचा सगळा अभंग लंगडतो. उपाय सोपा आहे: परमेश्वराला बाजूला ठेवा (फक्त शब्दाला!) आणि ‘मेंढपाळ माझा’ म्हणा. सहा अक्षरे भरली, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक माणूसही उभा राहिला.

मोठ्या अभंगाचे माप सहा-सहा-सहा-चार, यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला. ‘सुंदर ते ध्यान उभे विटेवरी’ बोटांवर मोजून पाहा, लगेच पटेल. ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नाही. जोडाक्षर एकच धरायचे, म्हणून ‘ख्रिस्त’ दोन आणि ‘वधस्तंभ’ चार. लहान अभंग आठ-आठ अक्षरांचा, यमक दोन्ही चरणांच्या शेवटी.

दीर्घ कथा सांगायची असेल तर मात्र ओवी. पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि मोकळा. गोव्यात राहिलेले इंग्रज जेझुइट (येशू संघाचे) फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली तिथल्याच रायतूरला छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ याच मापात आहे. त्यातली मराठीच्या स्तुतीची ओवी आठवा: रत्नकिळा, निळा, चोखळा अशी तीन यमके आणि मग ‘भासा मराठी’ एवढाच शेवट. चौथ्या चरणाला यमक नसल्यामुळे गोष्ट पुढे सरकायला मोकळी राहते. हजारो ओव्या सांगायच्या तर ही सोय लागतेच.

आता शब्दांकडे. लिहायला बसण्याआधी आपल्या विषयाचे शब्द अक्षरे मोजून कागदावर उतरवा. यरुशलेम पाच, पवित्र आत्मा पाच, पुनरुत्थान पाच. पाच अक्षरांचा शब्द सहाच्या चरणात आला की एकच अक्षर उरते, आणि त्या जागी ‘हे’, ‘तो’ नाहीतर ‘रे’ येऊन बसतो. भरतीची अक्षरे शिरतात ती याच दारातून. उलट शुभवर्तमानातले, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रातले, साधे शब्द बघा. ‘तिसऱ्या दिवशी’ सहा, ‘रिकामी कबर’ सहा, ‘लोटलेली धोंड’ सहा. ‘पुनरुत्थान’ हा शब्द न वापरता ते सांगता येते, आणि जास्त चांगले सांगता येते. चार अक्षरी शेवटच्या चरणात ‘वधस्तंभ’, ‘येशू ख्रिस्त’, ‘मेंढपाळ’ नेमके बसतात. मोह मोठा असतो, पण प्रत्येक कडव्याचा शेवट वधस्तंभावर झाला की चौथ्या कडव्यापर्यंत तो शब्द कानाला लागेनासा होतो.

अर्थात, माप बरोबर असले म्हणजे अभंग झाला असे नाही. हे पाहा:

प्रभू येशू माझा । तारणारा आहे ।
माझ्या संगे राहे । सर्वकाळ ॥

मोजणीत एक चूक काढता येणार नाही. आहे-राहे यमकही चोख. तरी यात एकही वस्तू नाही, हात नाही, रस्ता नाही. हे उपदेशाचे टिपण आहे. आता लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातल्या हरवलेल्या मेंढराच्या दाखल्याकडे, म्हणजे येशूने सांगितलेल्या बोधकथेकडे, जाऊ:

नव्व्याण्णव मेंढ्या । सोडूनिया मागे ।
एकीसाठी जागे । मेंढपाळ ॥
काट्यांत गुंतली । घोंगडीची दशी ।
हाक देई जशी । माय लेका ॥

‘तारणारा’ हा शब्द कुठेच नाही, पण तो काय करतो ते दिसते. घोंगडी लूकमध्ये नाही, काटे नाहीत. रात्रही नाही, ती ‘जागे’ या शब्दाने आणली. अशी भर चालते, फक्त आपण काय घातले हे आपल्याला ठाऊक हवे. मेंढपाळ वाट चुकला असे लिहिले असते तर दाखलाच उलटा झाला असता. ‘सोडूनिया’मधली ‘निया’ ही जुनी सोय आहे. एका अभंगात एकदा खपते, तीनदा आली की अक्षरे भरल्याचे उघडे पडते.

खरी अडचण अर्थाची. ‘मोक्ष’ दोन अक्षरी, ‘तारण’ (पापातून सुटका) तीन. ‘अवतार’ चार, ‘देहधारण’ (देवाचे माणूस होणे) पाच. मापासाठी आखूड शब्द उचलला की त्याच्यामागचे तत्त्वज्ञानही सोबत येते. ‘अवतार’ म्हटले की अनेकांतला एक असा अर्थ आपोआप चिकटतो. स्टीफन्स यांनी स्वर्गाला बिनदिक्कत वैकुंठ म्हटले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड ना. वा. टिळक संतांच्या वळणाने ख्रिस्ताला माउली म्हणाले. माझ्या मते ‘माउली’ निर्धास्त घ्यावी, कारण ती नाते सांगते. ‘मोक्ष’ मात्र दहादा विचार करून.

पाश्चात्त्य चालीवर गीत लिहिणाऱ्यांची अडचण निराळी. आठ-सहा-आठ-सहा अक्षरांच्या इंग्रजी चाली बहुधा आघात नसलेल्या स्वरावर सुरू होतात. तिथे ‘येशू’ ठेवला तर ‘ये’ निसटता येतो आणि ‘शू’वर जोर पडतो. मराठी कानाला ते खटकते. अशा ओळीची सुरुवात ‘प्रभू’, ‘तुझी’, ‘नको’ अशा पहिले अक्षर ऱ्हस्व आणि दुसरे दीर्घ असलेल्या शब्दाने करावी.

लिहून झाले की कागद उलटा ठेवा आणि टाळ किंवा नुसती टाळी घेऊन भजनी ठेक्यात म्हणा. जिथे जीभ अडखळते तिथे बहुधा एखादा शब्द दोन चरणांत तुटलेला असतो, ‘मेंढ’ इकडे आणि ‘पाळ’ तिकडे. डोळ्यांना हे दिसत नाही, कारण छापताना ओळ सलगच असते. मग दोन दिवसांनी दुसऱ्या कोणाला तरी म्हणायला लावा. तो ज्या जागी श्वास घेतो, तिथे पेन्सिलीने खूण करा.