मालवणच्या पाण्यासाठी कॅमेरा निवडताना

दिवाळीनंतर स्कूबा डाइव्हिंगला तारकर्ली नक्की आहे, जमलं तर पुढे कर्नाटकातलं नेत्राणी बेट, आणि यावेळी ठरवलंय की ॲक्शन कॅमेरा फक्त व्हिडिओसाठी ठेवायचा, फोटोंसाठी काहीतरी धड घ्यायचं. जून लागल्यापासून बाहेर पाऊस आणि आत मी हाउसिंगचे, म्हणजे कॅमेरा पाण्यात न्यायच्या हवाबंद कवचाचे, रिव्ह्यू बघतेय, ऐरोलीला ऑफिसला जाताना पण तेच. वैताग याचा येतो की सगळे रिव्ह्यूवाले तांबड्या समुद्रात नाहीतर मालदीवमध्ये डाइव्ह करतात, तिथे काचेसारखं पाणी, पंचवीस-तीस मीटरवरचं दिसतं. आपल्याकडे मालवणला पाच-सात मीटर दिसलं की बोटीवर सगळे खूश. त्यामुळे कुठला कॅमेरा चांगला हा प्रश्नच मी बाजूला ठेवला. माझं पाणी कसं आहे आणि त्या पाण्यात काय टिपता येतं, तिथून सुरुवात केली.

तर पाण्याचं असं आहे की ते प्रकाश खातं आणि सगळ्यात आधी लाल खातं. पाचेक मीटरवरच लाल जवळपास संपतो, मग नारिंगी, मग पिवळा, म्हणून वीस मीटरवरचा फोटो निळा नाहीतर हिरवा येतो, कॅमेरा कितीही महागडा असू दे. त्यावर लोक लाल फिल्टर लावतात, पण फिल्टर काही लाल रंग आणून देत नाही, तो निळा-हिरवा कापतो, म्हणजे मुळात कमी असलेला उजेड अजून कमी होतो. आणि लाल फिल्टर निळ्या पाण्यासाठी असतो, हिरवट पाण्याला मजेंटा लागतो, हे दुकानात कोणी सांगत नाही. खरा उपाय एकच, स्वतःचा उजेड घेऊन जायचा.

पण उजेड घेऊन गेलं की आपल्या पाण्यातला दुसरा वैरी पुढे येतो, तरंगणारा कचरा. म्हणजे प्लास्टिक नाही (ते पण असतं म्हणा), बारीक गाळ आणि प्लँक्टन. कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश लेन्सला चिकटून असतो, तो सरळ या कणांवर आपटून परत येतो. माळशेजला धुक्यात अप्पर मारल्यावर जसं समोर सगळं पांढरं होतं ना, तसंच. याला बॅकस्कॅटर म्हणतात. म्हणून स्ट्रोब, म्हणजे बाहेरचा फ्लॅश, हातभर लांब आर्मवर लावून बाजूने मारायचा, म्हणजे लेन्स आणि मासा यांच्यामधलं पाणी उजळत नाही. आणि मुख्य म्हणजे जवळ जायचं. स्ट्रोबचा उजेड जाताना पण पाण्यातून जातो आणि येताना पण, त्यामुळे मीटरभराच्या पुढे त्याची फारशी मजा नाही.

इतकं कळल्यावर अर्धे पर्याय आपोआप गळले.

मामेभाऊ नेरूळला राहतो, तोच माझा बडी, म्हणजे डाइव्हचा जोडीदार. त्याचं म्हणणं, "ताई, एकदाच फुल फ्रेम, मोठ्या सेन्सरवाला मिररलेस घे ना, परत परत कशाला खर्च?" मी म्हटलं, "घेते, हाउसिंगचे पैसे तू दे." गप्प बसला. मिररलेसचं, म्हणजे लेन्स बदलता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्याचं, हेच आहे, नॉटिकॅमसारखं ॲल्युमिनियमचं हाउसिंग बऱ्याचदा बॉडीपेक्षा महाग पडतं, वर मॅक्रोला (अगदी जवळच्या फोटोंना) वेगळा पोर्ट, म्हणजे हाउसिंगची पुढची काच, वाइडला घुमटासारखा डोम पोर्ट, आणि एकदा खाली उतरलात की लेन्स बदलता येत नाही. शिवाय विमानात केबिन बॅग सात किलो, लिथियम बॅटऱ्या चेक-इनमध्ये टाकता येत नाहीत, अंदमानला जायचं तर कपडे न्यायचे की नाही असा प्रश्न.

मग खरी लढत दोघांत राहिली, सोनीचा आरएक्स१०० आणि ओएम सिस्टिमचा टीजी-७. सोनीचा सेन्सर एक इंची, टीजी-७ च्या १/२.३३ इंचीपेक्षा क्षेत्रफळात साधारण चौपट मोठा, त्यामुळे कमी उजेडात सोनी सरळ जिंकतो, त्यात वाद नाही. पण सोनी झूम केल्यावर जवळचं फोकस करत नाही, मॅक्रोसाठी पुढे वेट लेन्स, म्हणजे हाउसिंगच्या बाहेरून पाण्यात बसवायची लेन्स, लावावीच लागते. टीजी-७ मायक्रोस्कोप मोडमध्ये लेन्सपासून एक सेंटीमीटरवर फोकस करतो, वेगळं काही न लावता. आणि मालवणला मी काय बघते? न्यूडिब्रँक (रंगीत समुद्री गोगलगाय), ॲनिमोनमधले क्लाउनफिश, कपारीतून तोंड काढलेली मोरे ईल, म्हणजे बहुतेक हातभर अंतरावरचं, बोटाएवढं काहीतरी. देवमासा शार्क आलाच तर बघून घेऊ, तेव्हा ॲक्शन कॅमेरा आहेच. गढूळ पाण्यात वाइड फोटो काढायला जाणं म्हणजे गाळाचेच फोटो.

टीजी-७ ची कमतरता पण सांगते, त्यात पूर्ण मॅन्युअल मोड नाही, शटर स्पीड आपल्या हातात नाही. निळं पाणी काळं करून फक्त मासा उजळायचा असले प्रकार ज्यांना मनासारखे करायचेत ते वैतागतील. पण रॉ, म्हणजे नंतर रंग सुधारता येणारी कच्ची फाइल, मिळतं, तेवढं मला पुरे. २०२३ चं मॉडेल आहे, त्याच्या आधीचं टीजी-६ सेकंडहँड चांगलं मिळालं तरी चालेल, दोघांना एकच पीटी-०५९ हाउसिंग बसतं.

आता लोक विचारतात, कॅमेरा मुळातच वॉटरप्रूफ आहे, मग हाउसिंग कशाला? तर तो नुसता १५ मीटरपर्यंत चालतो. ओपन वॉटर, म्हणजे डाइव्हिंगचा पहिला कोर्स केलेल्यालाच १८ मीटरची परवानगी असते, पुढचा ॲडव्हान्स्ड केलेल्याला ३०. दर दहा मीटरला एक ॲटमॉस्फिअर दाब वाढतो, तिसाव्या मीटरवर एकूण चार. हाउसिंग ४५ मीटरचं आहे, आणि त्याच्या आत पाणी गेलंच तरी कॅमेरा स्वतः बऱ्यापैकी तग धरतो, हा डबल बंदोबस्त सोनीत नाही.

म्हणजे बजेट असं लावलंय की बॉडीवर हात आखडता आणि उरलेले पैसे हाउसिंग, एक स्ट्रोब, ट्रे (हाउसिंगखालची पट्टी, तिलाच आर्म लागतो), आर्म आणि कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा इशारा स्ट्रोबला पोचवणाऱ्या फायबर ऑप्टिक केबलला. व्हिडिओ लाइटचा पण विचार केला होता, त्यात उजेड कुठे पडतोय हे आधीच दिसतं हे खरं, पण स्ट्रोब एका क्षणात जेवढा उजेड टाकतो तेवढा त्याच किमतीचा लाइट देत नाही. दुसरा स्ट्रोब आत्ता नाही. एका शनिवारी लोकलने सीएसएमटीला उतरून बोरा बाजारात चक्कर मारली, कॅमेरा मिळतो, पण अंडरवॉटर सामान म्हटलं की दुकानदार आपल्याकडे असं बघतो की जणू पाणबुडी मागितली. ते ऑनलाइनच मागवावं लागणार.

तारकर्लीच्या इन्स्ट्रक्टर दादांना फोन करून हे सगळं उत्साहाने सांगितलं तर ते म्हणाले, "ताई, आधी बॉयन्सी, मगे कॅमेरो." बॉयन्सी म्हणजे पाण्यात वर-खाली न होता स्थिर तरंगणं. बरोबरच आहे, हातात ट्रे-आर्म आले की तरंगणं बिघडतं, आणि एक फिन आपटला की गाळ उठून स्वतःचाच फोटो जातो, कोरल तुटतं ते वेगळं. म्हणून पहिल्या डाइव्हला स्ट्रोब न लावता फक्त हाउसिंग घेऊन जायचं ठरलंय.

त्याआधी सोसायटीच्या पूलमध्ये रिकामं हाउसिंग बुडवून बघायचं, आत टिश्यू पेपर ठेवून. पूल उथळ आहे म्हणून टेस्ट फुकट असं नाही, उलट ओ-रिंग, म्हणजे हाउसिंगच्या झाकणाची रबरी कडी, खोलवर दाबाने घट्ट बसते आणि वरच्या मीटर-दोन मीटरमध्येच जास्त दगा देते. एक केस अडकला तरी पुरतं. ग्रीस फक्त चमक येईल एवढंच लावायचं, पाणी अडवायचं काम रबराचं आहे, ग्रीसचं नाही. आणि हाउसिंग एसीच्या खोलीत, सिलिका जेलची पुडी टाकून बंद करायचं, नाहीतर इथली दमट हवा आत कोंडली गेली की थंड पाण्यात काचेवर वाफ धरते.

ठाण्यातल्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते ती वेगळीच, त्यासाठी एक हवाबंद डबा आणलाय. आता वॉचमन काकांना सांगून ठेवायचंय, पूलच्या तळाशी काळा डबा दिसला तर घाबरू नका म्हणून.