गोव्यात गाडीचे फोटो काढायला जाताय? आधी सुकतीची वेळ बघा

पहिलंच सांगून टाकतो, पुढचं वाचा नाहीतर नका वाचू. जमिनीला चिकटलेली गाडी घेऊन दिवाडी बेटावर जाऊ नका. जायचंच असेल तर भरती-ओहोटीच्या वेळा बघून जा, आणि परत येतानाची वेळ बघा, जातानाची नाही. आम्ही जातानाची पण बघितली नव्हती.

दाजींनी गेल्या वर्षी सेकंडहँड मस्टँग जीटी घेतली. लाल, पाच लिटरचा व्ही८. ग्राउंड क्लिअरन्स कागदावर १३७ मिमी, पण आधीच्या मालकानं पुढच्या बंपरखाली एक काळी लिप, म्हणजे खाली उतरलेली पट्टी, बसवलेली, त्यामुळं प्रत्यक्षात किती उरला ते देव जाणे. कोल्हापुरात फोटो काढून काढून रंकाळा संपला, पन्हाळा संपला, मग दाजी म्हणाले चल गोव्याला, तुझा कॅमेरा घे, समुद्राजवळ चांगले फोटो काढू. जानेवारीचा दुसरा आठवडा, चार दिवस. आजरा, आंबोली, बांदा असे गेलो, रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

दिवाडीचं डोक्यात घातलं एका रीलनं. पिवळी स्पोर्ट्स कार, सरळ रिकामा रस्ता, दोन्ही बाजूला शेतं, आणि खाली लिहिलेलं 'लो कार पण आरामात जाते'. बेटावर जायला पूल नाही, फेरीच. आम्ही जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून गेलो, तिथं जाताना व्हाइसरॉयच्या कमानीखालून जावं लागतं, वास्को द गामाच्या पणतूनं उभारलेली. लाल गाडी त्या काळ्या-तांबड्या दगडाखालून निघाली तेव्हाच मी खूश. दुपारचे तीन वाजलेले, नदी भरलेली, फेरीचा लोखंडी फाळका (ज्यावरून गाडी आत चढते तो) उताराला जवळजवळ सपाट टेकलेला, गाडी लोण्यासारखी आत गेली. फेरीवरचा माणूस गाडीकडं बघून एवढंच म्हणाला, "पात्रांव, येतना सुकती आसतली हां." आम्ही दोघंही हसून हो हो म्हणालो. मला कोकणी समजत नाही असं नाही, सुकती म्हणजे ओहोटी हे सावंतवाडीच्या मित्रामुळं माहीत होतं, पण त्याचा आमच्या बंपरशी काय संबंध हे डोक्यात आलं नाही.

संबंध असा. पाणी उतरलं की फेरी खाली जाते. मग धक्क्याचा काँक्रीटचा उतार जास्त लांब उतरावा लागतो, शेवटचा भाग ओला आणि शेवाळलेला असतो, आणि उतार संपतो तिथं फाळका सुरू होतो. तीव्र उतारावरून नाक खाली करून आलेली गाडी एकदम सपाट लोखंडाला भिडते. लांब बॉनेटच्या गाडीचं नाक चाकाच्या बरंच पुढं असतं, त्यामुळं चाक फाळक्यावर पोचायच्या आधी लिप पोचते. पलीकडं उतरताना तेच पुन्हा, कारण सपाटावरून एकदम चढ. म्हणजे एका फेरीत दोनदा. रात्री आठला आम्ही परत निघालो, अंधार, मागं तीन स्कूटर आणि एक टेंपो हॉर्न वाजवतायत, आणि मी टॉर्च घेऊन पुढं वाकून 'या, या, थांबा, थांबा दाजी' करतोय. करर्र असा आवाज आला आणि दाजी काच खाली करून काहीच बोलले नाहीत. ते जास्त वाईट. पलीकडं दुसरा करर्र, आणि लिपची उजवी बाजू लोंबायला लागली.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये तीन क्लिपा, दोन स्क्रू आणि अर्ध्या तासाचे साडेतीन हजार घेतले. बिल मागितलं तर 'बिल पाहिजे तर चार'. महाराष्ट्राची नंबरप्लेट, त्यात असली गाडी, भाव गाडी बघूनच ठरतो. प्लॅस्टिकच्या क्लिपा, काळी टेप आणि केबल टाय सोबत ठेवा, निम्मी कामं त्यातच भागतात.

तरीही जाणार असाल तर: सामान आणि माणसं सगळी उतरवा, मागच्या सीटवरची बॅग पण. दोन जाड फळ्या डिकीत टाका, उतार आणि फाळका यांच्या सांध्यावर ठेवल्या की कोन थोडा मोडतो. फेरीवाल्याला आधीच विचारा, त्यांचा अंदाज रीलवाल्यांपेक्षा शंभर पटीनं बरा. आणि लक्षात ठेवा, भरतीची वेळ रोज पाऊण तासापेक्षा जास्त पुढं सरकते, काल जमलं म्हणून आज जमेल असं नाही.

एवढं करून दिवाडीचे फोटो कसे आले? भंगार. कारण दुसरी चूक माझी. साडेचार-पाचच्या उन्हात काढत बसलो. गाडी म्हणजे आरसा असतो हो, चाकांवरचा आरसा. तुम्ही रंगाचा फोटो काढत नसता, रंगात जे दिसतंय त्याचा काढत असता. लाल दरवाज्यात समोरची हिरवी झाडी उतरली की लाल मळकट तपकिरी दिसतो, बॉनेटवर उन्हाचा एक पांढरा भडका, आणि दरवाज्यात मधोमध मी, पिवळ्या टीशर्टमध्ये. काळे कपडे घाला. हे कुणी सांगत नाही.

लाल गाडीवाल्यांना आणखी एक. कॅमेऱ्याचा साधा हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, सगळं ठीक दाखवतो आणि लाल चॅनेल मात्र फुटलेला असतो, घरी येऊन बघितलं तर फेंडरची घडी, वळण सगळं गायब, नुसता लाल ठिपका. आरजीबी हिस्टोग्राम (लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दाखवणारा) चालू करा, एक्स्पोजर थोडं कमी ठेवा, रॉ मध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येच, काढा.

पोलरायझर फिल्टर घ्या, यावर वाद घालू नका. काचेतलं आकाश जातं, आतलं स्टिअरिंग दिसतं, रंग गडद होतो. पण एकाच फिरवण्यात काच आणि दरवाजा दोन्ही साफ होत नाहीत कारण दोन्हीचे कोन वेगळे, म्हणून ट्रायपॉडवर कॅमेरा न हलवता दोन-तीन फोटो काढा, फिल्टर दर वेळी थोडा फिरवून, नंतर जोडा. क्रोमवरची चमक त्यानं जात नाही, उगाच फिरवत बसू नका. वाइड लेन्सनं जवळून काढलं की मस्टँगचं नाक बेडकासारखं फुगतं, ७० ते १०० मिमी लावा आणि मागं सरका. कॅमेरा हेडलाइटच्या उंचीला. पुढची चाकं अशी वळवा की रिम आपल्याकडं दिसेल, टायरची नक्षी नाही.

बीचवर गाडी घालायचा विचार असेल तर काढून टाका. बंदी आहे, दंड जबर बसू शकतो, आणि वाळूत रुतली तर ट्रॅक्टरवाला काय मागेल ते वेगळंच. पणजीच्या अटल सेतूवर किंवा नवीन झुआरी पुलावर 'दोन मिनिटं थांबून एक शॉट' पण नको, गाड्या सुसाट येतात. ड्रोन घेऊन आलात तर दाबोळी हा नौदलाचा विमानतळ आहे हे लक्षात ठेवून परवानगीचा नकाशा आधी बघा, आम्ही ड्रोन बॅगेतून काढलाच नाही. जाहिरातीसाठी किंवा पैसे घेऊन शूट करत असाल तर परवानगीचं काम एंटरटेन्मेंट सोसायटी ऑफ गोवाकडून होतं. आमच्यासारख्या हौशी लोकांकडून मात्र एका पार्किंगच्या जागी एका पोरानं 'कॅमेरा चार्ज' म्हणून पाचशे मागितले. पावती मागितली, तर दोनशेवर आला. पावती परत मागितली तर निघून गेला.

तिसरा दिवस पणजी, मिरामार वगैरे, छान गेला, मासे खाल्ले.

चौथ्या दिवशी सकाळी दाजी जरा माणसात आले होते, म्हणून काब द रामकडं गेलो. तिथं किल्ल्याच्या अलीकडं जांभ्याचा सडा, म्हणजे सपाट खडकाळ माळ, आहे, जानेवारीत गवत वाळून सोनेरी झालेलं असतं, पलीकडं समुद्र. गाडी सड्यावर चढवू नका, दगड वर आलेले आहेत, रस्त्याच्या कडेलाच ठेवा, फोटोत कळत नाही. तांबडी धूळ दहा मिनिटांत बसते. कोरड्या फडक्यानं पुसू नका, ओरखडे उमटतात आणि उन्हात सगळे दिसतात, आधी पाण्याचा फवारा, मग मायक्रोफायबर. खारा वारा लेन्सच्या फिल्टरवर पण थर देतो, सूर्यासमोर धरलं की सगळं धुरकट, दर अर्ध्या तासाला पुसा. आणि एसी खोलीतून पहाटे थेट बाहेर काढलेला कॅमेरा पंधरा-वीस मिनिटं धुक्यात जातो, त्यामुळं बॅग रात्रीच बाल्कनीत ठेवा.

गोल्डन अवर म्हणतात त्यातला 'अवर' गोव्यात विसरा. सूर्य क्षितिजाच्या जवळ आला की अर्ध्या तासात बुडतो. आम्ही तिथं होतो तेव्हा ६:२० च्या आसपास बुडाला आणि आजूबाजूचे सगळे कॅमेरे बंद करून चहाकडं निघाले. दाजी पण गाडीत बसायला लागले. म्हटलं दाजी, अजून वीस मिनिटं थांबा, प्लीज. आणि तेव्हाच खरं काम झालं. सूर्य गेला की पश्चिमेचं अख्खं आकाश एक भलामोठा मऊ दिवा होतं. गाडीची बाजू समुद्राकडं, मी समुद्राकडं पाठ करून, इंजिन बंद, कुणी गाडीला टेकायचं नाही, ट्रायपॉड, दोन सेकंदाचा टायमर. ६:३५ ला एफ ८, आयएसओ १००, शटर दोन सेकंद. मागच्या फेंडरवरून पुढपर्यंत एकच गुलाबी रेघ वाहत गेली, एकही भडका नाही, दरवाज्यात क्षितिज सरळ. पार्किंग लाइट लावा, हेडलाइट नाही. तो एक फोटो बघून मी तिथं एकटाच ओरडलो. चार दिवसांत साडेआठशे फोटो, कामाचे अकरा, त्यातले नऊ त्या वीस मिनिटांतले. बाकी सगळं सोडा, हे सोडू नका.

लिप फोटोत उजवीकडं आहे, आणि टेप काळीच असल्यामुळं दिसत नाही. ताईला फक्त डावीकडचे फोटो पाठवलेत.

परतताना आंबोलीत गाडी थांबवू नका. माकडं बॉनेटवर बसतात, आणि दाजींचं काय झालं असेल ते आता तुम्हीच ओळखा.