आठ घरं, एक सामायिक स्वयंपाकघर आणि तीन त्रुटीपत्रं : माझा अनुभव

आमच्या आठ कुटुंबांच्या वसाहतीची फाइल बांधकाम परवानगीच्या टेबलावर सात महिने अडकली होती. तीनदा त्रुटीपत्र आलं आणि तिन्हींमागे संशय एकच : ‘प्रस्तावित वापर पर्यटन निवासाचा दिसतो, खुलासा करावा.’ आम्हाला रिसॉर्ट बांधायचं नव्हतं. आठ कुटुंबांची आठ पूर्ण घरं आणि मधे एक मोठं सामायिक घर, एकत्र जेवायला, कपडे धुवायला, कुणाकडे पाहुणे आले तर उतरवायला, एवढंच हवं होतं. किनारपट्टीवर असं काही करायच्या विचारात कुणी असेल तर त्यांचे हे सात महिने वाचावेत म्हणून लिहिते आहे.

कल्पना आपल्याला परकी नाही. वाडीत घरं वेगळी असतात, पण मांड, म्हणजे सण-उत्सवाला जमायची जागा, सगळ्यांचा असतो. फरक इतकाच की वाडी भावकीने जमते आणि ही वसाहत कराराने. या पद्धतीला आजचं रूप डेन्मार्कमध्ये आलं. यान गुडमान-हॉयर या वास्तुविशारदाने 1964 मध्ये मित्रांना घेऊन खटपट सुरू केली, त्यांची पहिली जागा शेजाऱ्यांच्या विरोधामुळे सोडावी लागली, आणि सेट्टेडामेन ही 27 घरांची पहिली वसाहत उभी राहायला 1972 उजाडलं. तिथला नियम आजही बहुतेक ठिकाणी पाळतात : प्रत्येक घर स्वयंपाकघरासकट पूर्ण, आणि सामायिक घर त्याच्या जोडीला, त्याच्या बदल्यात नव्हे. हे वाक्य लक्षात ठेवा. आमची गाठ शेवटी यानेच सुटली.

जमिनीचा टप्पा थोडक्यात सांगते. जागा 42 गुंठे, गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आत. अशा जमिनीला आमच्या वेळी महसूल संहितेच्या कलम 42-ड खाली निवासी अकृषिक वापराची सोय होती, रूपांतर कर आणि आकारणी भरून सनद मिळत होती. सातबाऱ्यावर सतरा नावं होती, निम्मी मुंबईत, आणि एका मयताची वारस नोंद राहिलेली. ती नोंद आधी करून घ्या, फेरफाराच्या नोटिशीचे पंधरा दिवस जाऊ द्या, मगच पैशाचं बोला.

इथे एक चूक बहुतेक गट करतात. जमीन आधी दोघा-तिघा शेतकरी सभासदांच्या नावावर घेतात, कारण बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही, आणि नंतर ती संस्थेच्या नावावर करतात. म्हणजे मुद्रांक शुल्क दोनदा. त्यापेक्षा मालकाशी साठेकरार, म्हणजे पुढे खरेदी करण्याचा करार, करावा, सनद मालकाच्याच नावे निघू द्यावी आणि खरेदीखत थेट संस्थेच्या नावाने करावं. आम्ही सनदेपर्यंत बरोबर वागलो, पण संस्थेची नोंदणी व्हायच्या आधीच नकाशे दाखल केले, अर्जदार म्हणून आठ जणांची नावं घालून. घोळ तिथून सुरू झाला.

पहिलं त्रुटीपत्र आलं तेव्हा वाटलं, गैरसमज आहे, समजावून सांगू. पाच पानांचा खुलासा दिला. त्यात डेन्मार्क, वृद्धांचा एकटेपणा, मुलांना मिळणारा शेजार, सगळं होतं. सहा आठवड्यांनी तेच पत्र परत आलं, फक्त जावक क्रमांक बदललेला. त्या टेबलावर कल्पना तपासत नाहीत, नकाशा तपासतात, आणि आमचा नकाशा खरंच रिसॉर्टचा दिसत होता. हे मान्य करायला आम्हाला तीन महिने लागले. त्या काळात माझा सगळा राग समोरच्या माणसांवर होता. त्यांनी पहिल्याच पत्रात नेमकं काय खटकतं ते लिहिलं असतं तर तो वेळ वाचला असता, हे मी आजही म्हणेन. ‘खुलासा करावा’ या दोन शब्दांतून अर्जदाराने काय ओळखायचं?

अखेर एका कनिष्ठ अभियंत्यांनी नकाशा पसरून बोट ठेवत दाखवलं. घरांना आम्ही ‘युनिट 1 ते 8’ म्हटलं होतं. घरातल्या ओट्याची जागा रिकामी सोडली होती, कारण फर्निचर नंतर ठरवायचं होतं. त्यामुळे आठही घरं ओटा नसलेल्या कॉटेजसारखी दिसत. सामायिक घरात ‘डायनिंग हॉल’, मागे चार सिलेंडरची गॅस बँक, आणि स्वतंत्र न्हाणीघर असलेल्या तीन ‘गेस्ट रूम’. गाड्यांची जागा एका टोकाला, गडग्याला (दगडी कुंपणाला) लागून. घरांच्या मधली जागा मुलांना मोकळी राहावी म्हणून अशा वसाहतींत गाड्या मुद्दाम कडेला ठेवतात, पण रिसॉर्टवालेही तेच करतात. ‘ह्यात राहणारा माणूस खंय दिसता?’ असं ते म्हणाले. प्रश्न योग्य होता.

मग आम्ही नकाशा पुन्हा काढला. जे बदललं ते मापांसकट सांगते.

प्रत्येक घर 72 चौरस मीटर : ओटी, दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर-संडास, मागची पडवी. स्वयंपाकघर 6 चौरस मीटर, ओटा, मोरी आणि धुराड्याची जागा स्पष्ट रेखाटलेली, नाव ठळक अक्षरात. ‘युनिट’ शब्द काढून ‘निवासी घर क्र.’ घातलं. सामायिक घर 118 चौरस मीटर, म्हणजे एकूण बांधकामाच्या साधारण सहावा हिस्सा. जेवणाची जागा 46, आम्ही 22 माणसं, म्हणजे माणशी दोन चौरस मीटर, पाट-ताट मांडून वाढणाऱ्याला फिरता येतं. स्वयंपाकघर 16, पडवी 24, कोठार 8, धुण्याची जागा 6, पाहुण्यांची खोली एकच, 10 चौरस मीटरची, तिला स्वतंत्र न्हाणीघर नाही. बाकी संडास आणि भिंती. तीन खोल्यांवरून एकीवर येताना गटात भांडण झालं. पण खरं पाहता आठ घरांना वर्षातून किती रात्री एकाच वेळी तीन खोल्या लागणार? गणपती आणि शिमगा सोडले तर नाहीच.

गॅस बँक खरोखरच काढून टाकली. बाहेरच्या जाळीत 19 किलोचा एक जोडलेला आणि एक भरलेला सिलेंडर पुरतो. आठवड्यात तीनच रात्री एकत्र जेवण असतं.

नकाशाबरोबर एका पानाचा तक्ता जोडला : घर क्रमांक, कुटुंबप्रमुख, माणसं किती, स्वयंपाकघराचं क्षेत्र, सामायिक घरापर्यंतचं अंतर मीटरमध्ये. आठ ओळी, बाकी काही नाही. पाच पानांनी जे झालं नाही ते या एका पानाने झालं.

तरी तिसरं पत्र आलंच. आता विचारणा अशी की सामायिक घर वापरणार कोण आणि भाड्याने जाणार नाही याची हमी काय. संस्था नोंदलेली नव्हती, त्यामुळे दाखवायला कागदच नव्हता. शपथपत्र दिलं, ते आठ जणांचं वैयक्तिक, म्हणून नाकारलं. मग आधी नोंदणी केली. सहकार कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर गृहनिर्माण संस्थेला पाच वेगवेगळ्या कुटुंबांतले सभासद चालतात, त्यामुळे छोट्या गटांना आता अडचण नाही. प्रवर्तकांची सभा, मुख्य प्रवर्तकाची निवड, नाव राखून बँक खातं, मग प्रस्ताव. हा टप्पा सुरळीत झाला.

उपविधींत, म्हणजे संस्थेच्या नियमावलीत, मात्र आम्ही एक कलम विचारपूर्वक घातलं : ‘सामायिक घर केवळ सभासद, त्यांचे कुटुंबीय व त्यांचे पाहुणे यांच्या विनामूल्य वापरासाठी राहील. ते किंवा त्यातील कोणतीही खोली भाड्याने, निवास व न्याहारीसाठी अथवा समारंभासाठी बाहेरच्या व्यक्तीस दिली जाणार नाही.’ त्याची प्रत, संस्थेचा ठराव आणि संस्थेच्या नावाने नवा अर्ज दिला. स्थळपाहणीआधी चुन्याच्या फक्कीने आठही घरं आणि सामायिक घर जमिनीवर आखून ठेवलं, दारं कुठे ते दगड ठेवून दाखवलं. पाहणी वीस मिनिटांत आटोपली. त्यानंतर परवानगी अठराव्या दिवशी हातात आली. त्या दिवशीचा सुटकेचा श्वास मी विसरणार नाही.

म्हणजे क्रम असा ठेवा : साठेकरार, मालकाच्या नावे सनद, संस्था, खरेदीखत, आणि सगळ्यात शेवटी नकाशे.

काही गोष्टी जशा आठवतात तशा. संस्थेचा प्रकार निवडताना आम्ही भाडेकरू सहभागीदारी घेतली. त्यात जमीन आणि इमारती दोन्ही संस्थेच्या राहतात, सभासदाकडे भागपत्र. घर विकताना सामायिक घरातला वाटा मागे ठेवून विकता येत नाही. भाडेकरू मालकी प्रकारात घर सभासदाचं होतं आणि दहा वर्षांनी सामायिक घराला वाली उरत नाही, अशी मला भीती वाटते.

जागा 0.4 हेक्टरच्या वर गेली की 10 टक्के मोकळी जागा सोडावी लागते. आमच्या 42 गुंठ्यांत ती साधारण 425 चौरस मीटर झाली. ती कोपऱ्यात ढकलू नका. घरांच्या मधोमध खळं म्हणून दाखवा, दारं तिकडे उघडू द्या.

समुद्रासमोरच्या जागेच्या मोहात पडू नका. भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंत किनारा नियमन क्षेत्र लागतं आणि 2019 च्या अधिसूचनेप्रमाणे विरळ वस्तीच्या ग्रामीण भागात पहिल्या 200 मीटरांत सहसा नवी घरं होत नाहीत. शिवाय तिथे रिसॉर्टचा संशय दुप्पट.

जांभ्याला भेगा असतात, त्यातून सांडपाणी लांब जातं. शोषखड्डा आणि विहीर यांत 15 मीटर अंतर सांगतात, आम्ही 30 ठेवलं आणि शोषखड्डा उताराच्या खालच्या अंगाला घेतला.

ग्रामपंचायतीत घरपट्टीची नोंद करताना नमुना 8 वर सामायिक घराची ओळ संस्थेच्या नावे वेगळी करून घ्या. विजेचं मीटरही संस्थेच्या नावे आणि घरगुती दरात मागा, अर्जाला तेच उपविधीचं कलम जोडा. ते कलम आम्हाला चार ठिकाणी उपयोगी पडलं, त्याच्या वीस साक्षांकित प्रती काढून ठेवा.

स्वयंपाकाच्या पाळ्या परवानगीआधीच ठरवा, कारण ओट्याची लांबी त्यावर ठरते. सोळा मोठी माणसं, दोघांची जोडी, आठवड्याला तीन जेवणं : प्रत्येक जोडीची पाळी साधारण अठरा-एकोणीस दिवसांनी येते. दोघांना एकाच वेळी काम करता येईल असा 3.5 मीटरचा ओटा पुरतो. मासळी साफ करायची मोरी मात्र बाहेर, पडवीला. आत घेतली तर शाकाहारी कुटुंबं पहिल्या महिन्यात जेवायला यायची थांबतील.

आणि बांधकामाला सुरुवात सामायिक घराच्या जोत्याने करा. शेवटी ठेवलेलं सामायिक घर पैसे संपल्यावर राहूनच जातं. जोतं आणि चिऱ्याचे थर मेअखेरपर्यंत वर आले पाहिजेत. मृगाच्या सरी सुरू झाल्या की पाणंदीतून चिऱ्यांची गाडी वर चढत नाही, आणि मग नवरात्रापर्यंत थांबावं लागतं.